विंडोज ११ नाही म्हणतंय? जुना पीसी भंगारात देण्याआधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. 'हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही' एवढं वाचून चांगला चालता कॉम्प्युटर विकायला काढणं ही पहिली चूक. नकार बहुतेक वेळा दोन प्रकारचा असतो. टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय) सापडत नसेल, तर ते बहुधा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' या नावाखाली शोधा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल (आय५-७४०० मधला ७ म्हणजे सातवी पिढी), तर मात्र सेटिंग बदलून उपयोग नाही. गंमत अशी, की मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मधल्या सातव्या पिढीच्या चिपला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत जागा दिली. तुमच्या-आमच्या आय७ ला नाही.

बायोसमध्ये घाईने हात घालू नका. विंडोज ११ ला 'यूईएफआय' हा बूट मोड (मशीन सुरू होण्याची पद्धत) लागतो, पण जुना मोड 'लेगसी' असताना थेट 'यूईएफआय' केलात, तर विंडोज सुरूच होत नाही. घाबरू नका, मोड परत लेगसी करा, मशीन उठेल. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीतून नव्या जीपीटीत करायची, मग मोड बदलायचा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. टीपीएमला धक्का लागला की विंडोज ती मागतं, आणि की नसेल तर डेटा गेलाच समजा.

रूफससारख्या टूलने अट चुकवून ११ टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. कोअर २ ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही.

त्यापेक्षा विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल, तर अपडेटच्या पानावरून जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्ज सिंक केल्या, तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतात.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणार असाल, तर आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय आणि प्रिंटर तपासा. श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये) टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील, तर विंडोज पुसण्याआधी त्या युनिकोडमध्ये करून घ्या. नाहीतर तिथे मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतील.

आणि पीसी नुसता रडत चालत असेल, तर आत फिरणारी हार्ड डिस्क आहे का ते आधी बघा. तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) बसवली की दहा वर्षांचं मशीनही पळतं.