सर्व्हरची डिस्क वाढवताय? पार्टिशनच्या या चुका टाळा

व्हर्च्युअल डिस्क १०० जीबीची २०० जीबी करून घेतली, लिनक्स सर्व्हरवर लॉगिन केलं, जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड चालवली, तर आकडा जिथल्या तिथे. मग घाईघाईत एकामागून एक कमांड मारल्या जातात आणि खरे घोळ तिथून सुरू होतात. पार्टिशन म्हणजे डिस्कचा आखून दिलेला भाग. त्याची टूल्स सहसा आपलं काम चोख करतात, पण प्रत्येक टूल आपल्यापुरतंच बघतं. डिस्क केवढी आहे हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, माहीत असतं. पार्टिशन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे पार्टिशन टेबलमध्ये लिहिलेलं असतं. वापरायला जागा किती, याचा हिशेब फाइल्स जिच्यात मांडलेल्या असतात ती फाइल सिस्टिम ठेवते. मध्ये एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटणारी व्यवस्था) असेल तर आणखी एक थर. सातबाऱ्यावर क्षेत्र वाढलं म्हणून शेताचा बांध आपोआप सरकत नाही, तसंच हे आहे.

म्हणून क्रम पाठ असू द्या: वाढवताना बाहेरून आत, कमी करताना आतून बाहेर. वाढवताना आधी डिस्क, मग पार्टिशन, मग एलव्हीएम, शेवटी फाइल सिस्टिम. कमी करताना बरोबर उलटं. डेटा गेल्याच्या बऱ्याच प्रकरणांत कुणीतरी आधी पार्टिशन लहान केलेलं असतं आणि फाइल सिस्टिम मात्र जुन्याच मापाची असते. ‘पार्टेड’ या पार्टिशन टूलमुळे तर यात हमखास फसगत होते. ३.० आवृत्तीपासून (२०११) त्यातलं फाइल सिस्टिमचा आकार बदलण्याचं काम काढून टाकलं आहे. आता त्याची ‘रीसाइझपार्ट’ कमांड फक्त टेबलमधली नोंद बदलते. शिवाय ‘एफडिस्क’ या दुसऱ्या टूलमध्ये ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, ‘पार्टेड’ मात्र एंटर दाबताक्षणी लिहितो.

एलव्हीएमवर असाल तर ‘एलव्हीएक्सटेंड’ आणि ‘एलव्हीरिड्यूस’ला ‘-आर’ हा पर्याय द्यायची सवय लावून घ्या. फाइल सिस्टिमचा आकारही त्याच वेळी, योग्य क्रमाने बदलला जातो. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम मात्र लहान करता येत नाही असंच धरून चाला. बॅकअप, नवी फाइल सिस्टिम, रिस्टोअर हा एकच भरवशाचा मार्ग आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून (२०१४) एक्सएफएस डिफॉल्ट आहे, त्यामुळे इन्स्टॉल करतानाच सगळी जागा रूट या मुख्य भागाला देऊन टाकू नका. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे एलव्हीएमच्या सामायिक साठ्यात, थोडी मोकळी ठेवा, नंतर हवी तिथे देता येते.

आता वाढवलेली डिस्क दिसत नसेल तर काय करायचं ते बघू. डिस्कची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसबीएलके’मध्येच जुना आकडा असेल तर कर्नलला बदल कळलेला नाही. ‘सिस’ डिरेक्टरीतल्या त्या डिस्कच्या ‘रीस्कॅन’ फाइलमध्ये १ लिहा, रीबूटची गरज पडत नाही. व्हीएमवेअरवर डिस्क वाढतच नसेल तर आधी स्नॅपशॉट (डिस्कची एखाद्या क्षणीची जपून ठेवलेली अवस्था) आहे का ते पाहा. स्नॅपशॉट असताना ती वाढवता येत नाही.

डिस्क मोठी दिसते पण ‘पार्टेड’ विचारतो की सगळी जागा वापरात नाही, ‘फिक्स’ की ‘इग्नोर’? यात घाबरण्यासारखं काही नाही. जीपीटी, म्हणजे पार्टिशन टेबलचा नवा प्रकार, आपल्या हेडरची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी टोकाला ठेवतं. डिस्क वाढली की ती प्रत मध्येच अडकते. ‘फिक्स’ म्हणा, किंवा ‘एसजीडिस्क’चा ‘-ई’ पर्याय वापरा. जुनं एमबीआर टेबल असेल तर प्रश्न वेगळा आहे. त्यात सेक्टरचा (डिस्कवरच्या सर्वात लहान तुकड्याचा) क्रमांक ३२ बिटांचा असतो, म्हणून ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबीच्या पुढे पार्टिशन जातच नाही. चालू बूट डिस्कचं टेबल बदलण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा डेटासाठी वेगळी जीपीटी डिस्क जोडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लाउडवर पार्टिशन वाढवणारा ‘ग्रोपार्ट’ वापरताना डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांत स्पेस लागते, ते जोडून लिहिलं की एरर येते. पण खरी पंचाईत डिस्क शंभर टक्के भरल्यावर होते. जागा वाढवण्यासाठीच आपण ‘ग्रोपार्ट’ चालवतो आणि तोच ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून बंद पडतो, कारण त्याला ‘टीएमपी’ डिरेक्टरीत तात्पुरती फाइल करायची असते. अशा वेळी लॉग उडवत बसू नका. ‘टीएमपी’वर १० एमबीचा टीएमपीएफएस माउंट करा (जोडा), म्हणजे ती जागा रॅममधून मिळते. मग ‘ग्रोपार्ट’ चालवा, फाइल सिस्टिम वाढवा आणि टीएमपीएफएस अनमाउंट करा.

जुन्या सर्व्हरवर ‘ग्रोपार्ट’ नसतो. तिथे ‘एफडिस्क’ने पार्टिशन डिलीट करून त्याच जागी मोठं बनवतात. ही पद्धत चालते, कारण डिलीट केल्याने फक्त टेबलमधली नोंद जाते. मात्र सुरुवातीचा सेक्टर जुनाच हवा, एकानेही चुकून चालणार नाही. जुनं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून असेल तर आजचं टूल आपणहून २०४८ सुचवतं, तिथे एंटर दाबलात तर फाइल सिस्टिम सापडणार नाही. नवं पार्टिशन बनवताच ‘एफडिस्क’ विचारतो: यात जुनी सिग्नेचर आहे, काढून टाकू का? उत्तर ‘नो’. इथे ‘येस’ म्हटलं तर फाइल सिस्टिमची ओळखच पुसली जाते. हात लावण्याआधी ‘एसएफडिस्क’च्या ‘-डी’ पर्यायाने टेबलची प्रत काढा आणि ती दुसऱ्या मशिनवर ठेवा.

डिस्क जोडून झाली, आता एफस्टॅब, म्हणजे बूटच्या वेळी काय कुठे माउंट करायचं याची यादी. ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही नावं बूटनंतर बदलू शकतात, म्हणून यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, लिहा. नोंद चुकली तर बूटच्या वेळी सर्व्हिसेस सुरू करणारा सिस्टिमडी त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतो आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जातो. यावर ‘नोफेल’ लिहा असा सल्ला सगळीकडे मिळतो. डेटाबेसच्या डिस्कसाठी तो अर्धवट आहे. डिस्क माउंट झाली नाही तरी सर्व्हर वर येतो, डेटाबेस सुरू होतो आणि रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे रूट डिस्कवर, लिहायला लागतो. म्हणून सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ टाका. माउंट नसेल तर सर्व्हिस सुरूच होणार नाही. एफस्टॅब बदलल्यावर सिस्टिमडीचं ‘डीमन-रीलोड’ करा आणि रीबूटआधी ‘फाइंडएमएनटी’च्या ‘व्हेरिफाय’ने तपासा. क्लोन केलेली एक्सएफएस डिस्क त्याच सर्व्हरवर माउंट होत नसेल तर दोन्हींचा यूयूआयडी एकच आहे. तात्पुरतं ‘नोयूयूआयडी’ देऊन माउंट करा, कायमचा उपाय म्हणजे ‘एक्सएफएस-अ‍ॅडमिन’ने नवा यूयूआयडी.

विंडोज सर्व्हरवर ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ करडं दिसतं, कारण सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. ‘रीएजंटसी’ने रिकव्हरी आधी डिसेबल करा, मग ‘डिस्कपार्ट’ने ते पार्टिशन काढा, सी वाढवा, आणि शेवटी रिकव्हरी पार्टिशन परत बनवून ती एनेबल करा. शेवटची पायरी बरेच जण सोडून देतात. परत बनवताना जागा ऐसपैस द्या. जानेवारी २०२४ मध्ये सर्व्हर २०२२ चं केबी५०३४४३९ हे अपडेट असंख्य मशिन्सवर ८००७०६४३ या एररने अडलं होतं, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये पुरेशी मोकळी जागा नव्हती. ते २५० एमबीने वाढवा असं तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलं.

विंडोजमध्ये पार्टिशन लहान करणारं ‘श्रिंक’ अर्ध्यावर थांबत असेल तर अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा, न हलणारी फाइल कोणती ते तिथे कळतं. बहुधा पेजफाइल किंवा शॅडो कॉपी निघते. आणि एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम ४ केबी क्लस्टरवर (जागा वाटायच्या सर्वात लहान तुकड्यावर) असेल तर १६ टीबीच्या पुढे वाढत नाही. फाइल सर्व्हरची मोठी डिस्क सुरुवातीलाच ६४ केबीने फॉरमॅट करा.

एवढं करूनही लिनक्सवर चुकीचं पार्टिशन डिलीट झालंच, तर रीबूट करू नका. पार्टिशन माउंट असेल तर कर्नलकडे जुनी नोंद शाबूत असते. ‘सिस’ डिरेक्टरीत त्या पार्टिशनच्या नावाखाली ‘स्टार्ट’ आणि ‘साइझ’ या दोन फाइल असतात. दोन्ही आकडे आधी कागदावर उतरवा. ते कायम ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतात, त्यामुळे ४ केबी सेक्टरची डिस्क असेल तर ८ ने भागा. त्याच आकड्यांवर ‘एसएफडिस्क’ने पार्टिशन परत बनवा, ‘ब्लकआयडी’मध्ये जुनाच यूयूआयडी दिसतो का बघा. रीबूट होऊन गेलं असेल तर डिस्कवर काहीही लिहू न देता तिची पूर्ण इमेज काढा आणि हरवलेली पार्टिशन शोधणारं ‘टेस्टडिस्क’ त्या इमेजवर चालवा.