शटरला मोटर लावताय? आधी हाताने उचलून बघा

घरच्या पार्किंगच्या शटरला मोटर लावली की काही महिन्यांत ती गरम होऊन मध्येच बंद पडते, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. पुष्कळदा दोष मोटरचा नसतो, शटरचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगचा असतो. मोटर घेण्याआधी एवढं करा:

१. शटर ज्यांतून वर-खाली सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांमधला धूळमातीचा थर फडक्याने पुसून काढा. आमच्याकडे तर कुंभारमाशीचं घर निघालं!

२. शटर कमरेएवढं उचला आणि हात हळूच सैल करा. पाय खाली ठेवू नका.

३. जागच्या जागी राहिलं तर उत्तम. धाडकन खाली आलं तर स्प्रिंग ढिली, आपोआप वर पळालं तर जास्त ताणलेली. एका बाजूला तिरकं होत असेल तर तेही आधीच सरळ करून घ्या.

मोटर घेताना वीज गेल्यावर हाताने उघडायची सोय आहे ना, ते दुकानातच चालवून बघा. साखळी असेल तर ती आतून-बाहेरून कुठून ओढायची, हेही विचारा.

स्प्रिंग मात्र स्वतः पिळायला जाऊ नका. ती सुटली तर हात मोडू शकतो. ते काम शटरवाल्याचंच.