संकल्पाला वेळ आणि जागा ठरवून द्या

‘पाडव्यापासून रोज व्यायाम’ असं ठरवलं तरी तो कधी आणि कुठे करायचा हे मोकळंच राहतं, आणि संकल्प बहुधा तिथेच बारगळतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी यावर साधा उपाय सुचवला: ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं वाक्य आधीच पक्कं करा. उदाहरणार्थ, ‘सकाळचा चहा झाला की गच्चीवर पाच सूर्यनमस्कार.’ चहा रोज होतोच, त्यामुळे वेगळी आठवण लागत नाही. पाऊस असेल तर? त्याचंही वाक्य आजच ठरवा: ‘पाऊस असला तर हॉलमध्ये.’ सुरुवातीला आकडा लहानच ठेवा, बाराचा हट्ट नको.

आणि 21 दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. लंडनमधल्या एका अभ्यासात कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणासाठी अंदाज 254 पर्यंत गेला. त्यातली मला सर्वांत दिलासादायक वाटणारी बाब म्हणजे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून खाडा पडला तर पुढच्या सोमवारची किंवा एक तारखेची वाट पाहू नका. दुसऱ्याच दिवशी, त्याच चहानंतर गच्चीवर जा.