हँड गिअर अडकला? लगेच गिअरबॉक्स उतरवू नका

आमची पिकअप म्हणजे मागून कापून डाला बसवलेली अँबॅसिडर. वडिलांनी घेतली तेव्हाच ती तशी होती. कागदांचं विचारू नका. यावलकडून केळी भरून सावद्याला निघालो आणि ऐन रेल्वे फाटकाजवळ हँड गिअर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, अडकला. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "काय भो, इथंच विकायला काढली का?"

गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवायला लावला. दोन दिवस गेले, मजुरी गेली, आणि आतलं सगळं ठणठणीत निघालं. दोष होता स्टेअरिंगच्या दांड्याच्या तळाशी, झिजलेल्या बुशात, म्हणजे सांध्यातल्या बारक्या कड्यात. हँड गिअरच्या गाडीत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

हँडल वर स्टेअरिंगपाशी, गिअरबॉक्स खाली. मध्ये आर्म, रॉड, बुश आणि पिना. प्रत्येक सांध्यात जराशी ढिलाई आली तरी तिची बेरीज हँडलला कळते. म्हणून पाना हातात घेण्याआधी एवढं करा: इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत सुरळीत पडले आणि चालू केल्यावर करकरले, तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) आणि क्लचचं ऑइल बघा. बंद गाडीतही अडकत असेल, तर चाकांना दगड लावून गिअरबॉक्सकडचे रॉड सुटे करा आणि तिथले आर्म हाताने हलवा. ते टक्-टक् आवाज करत जागेवर बसले, तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही.

दुसरी चूक मोबाइलवरची. व्हिडिओ बहुतेक अमेरिकन पिकअपचे असतात. तिकडे तीन गिअर स्टेअरिंगवर असलेल्या पिकअप शेवरोलेने 1987 पर्यंत विकल्या. त्यांना तळाशी दोन आर्म: एक पहिल्या आणि रिव्हर्ससाठी, दुसरा वरच्या दोन गिअरसाठी. एक आर्म गिअरमध्ये राहून दुसरा हलला की दोन्ही अडकतात. तिथे बॉनेट उघडून दोन्ही आर्म हाताने न्यूट्रलला आणले की गाडी सुटते. आपल्या चार गिअरच्या अँबॅसिडरची जोडणी वेगळी. एक रॉड रांग, म्हणजे गिअरची जोडी, निवडतो, दुसरा त्या रांगेतला गिअर टाकतो. निवडणाऱ्या रॉडचा बुश गेला की हँडल एका रांगेत दिसतं, आतलं दुसऱ्याच रांगेत असतं. तिथे तिकडच्या मापाने अॅडजस्टमेंट केली तर एक गिअर सापडतो आणि दुसरा हरवतो. अडकलेल्या हँडलवर जोर तर मुळीच काढू नका, आर्म वाकतो.

बुश गेला की ट्यूबचा तुकडा कापून बसवायचा, स्प्लिट पिन हरवली की तार पिळायची, ही आपली जुनी सवय. घरी पोहोचण्यापुरतं ठीक आहे. पण रबर दबतं, तार झिजून तुटते आणि रॉड रस्त्यात गळून पडतो. बुश मिळत नसेल तर जुना घेऊन लेथवाल्याकडे जा, पण पिनचं मापही सोबत न्या. पिनला खाच पडली असेल तर नवा बुश महिनाभरात पुन्हा सैल होणार.

ग्रीसचं तर उलटंच होतं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि वैशाखातलं ऊन. धूळ बसलेल्या सांध्यावर नवं ग्रीस थापलं की त्याची घासायची पेस्ट होते. आधी रॉकेलने धुवा, कोरडं करा, मग पातळ थर लावा.

हँडलच्या मुळाशी ढिलाई दिसली म्हणून तिथे वेल्डिंग मारू नका. बॅटरी सुटी न करता मारलं तर हॉर्न आणि साइडलाइटची वायरिंग जळू शकते. शिवाय तो सांधा हलण्यासाठीच आहे. पिन बदलली की काम भागतं.

राहिला इंजिन माउंटिंगचा रबर, म्हणजे ज्यावर इंजिन टेकतं तो. याकडे मिस्त्रीसुद्धा लक्ष देत नाहीत. स्टेअरिंगचा दांडा बॉडीला बांधलेला आणि गिअरबॉक्स इंजिनबरोबर डुलणारा. रबर दबून गेला की दोघांतलं अंतर सारखं बदलतं. रिकाम्या गाडीत पक्का राहणारा गिअर भरल्या गाडीत चढाला सुटतो तो बऱ्याचदा यामुळेच. तेव्हा अॅडजस्टमेंट करण्याआधी रबर बघा आणि ट्रायल घेताना डाल्यात चार-सहा पोती टाका.