दुकानातले पॉइंट, क्रेडिट नोट अन् गिफ्ट कार्ड: कोणतं कधी वापरायचं

लग्नसराईचा बस्ता संभाजीनगरच्या गुलमंडीत बांधा नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत, आजकाल बऱ्याच मोठ्या दुकानांत काउंटरवर पहिलं मोबाईल नंबरच मागायलेत, अन् मग बिलाखाली काहीतरी जमा झालेलं दिसतं. लई जण त्याला सरसकट पॉइंट म्हणतात, पण यात तीन गोष्टी असतात अन् तिन्हीचे नियम निराळे.

पॉइंट म्हणजे फक्त सूट. समजा १०० रुपयाला १ पॉइंट अन् पॉइंटची किंमत १ रुपया, तर ५,००० च्या खरेदीवर सुटले ५० रुपये. तेवढ्यासाठी नको ती वस्तू घेऊ नका. किती पॉइंट झाल्यावर वापरता येतात, कधी संपतात, सेलच्या मालावर चालतात का, एवढं विचारून ठेवा.

क्रेडिट नोट, म्हणजे माल परत केल्यावर दुकान नगदीऐवजी देतं ती चिठ्ठी, मात्र तुमचाच पैसा आहे, म्हणून इथं नीट लक्ष द्या. रंग आवडला नाही म्हणून साडी परत केली तर नगद द्यायचे का नोट, ते दुकानाच्या नियमावर. पण मालच खराब निघाला तर गोष्ट वेगळी, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, अन् मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, मग बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असलं तरी. त्यामुळं खराब मालावर गपचूप नोट घेऊ नका, पैसेच मागा, ऐकत नसतील तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावा. नोट घेतलीच तर रक्कम, मुदत, सही-शिक्का बघा अन् लगेच फोटो काढा, थर्मल कागदावरची अक्षरं उन्हा-उष्णतेनं उडतात. १,८०० च्या नोटवर १,२०० ची खरेदी झाली तर उरलेल्या ६०० चं काय, ते बिल करायच्या आधीच विचारा.

गिफ्ट कार्डात पैसे आधीच भरलेले असतात. बँकेचं असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम लागतो, जास्तीत जास्त १०,००० रुपये, पुन्हा भरता येत नाही, मुदत किमान १ वर्ष. दुकानाचं स्वतःचं कार्ड या नियमात येत नाही, ते तिथंच चालतं अन् नगद निघत नाही. कार्डचा नंबर अन् पिन म्हणजे रोख रक्कमच समजा. साहेबांच्या नावानं व्हॉट्सॲपवर कुणी "गिफ्ट कार्ड घेऊन नंबर पाठवा" म्हणलं तर पाठवू नका, पाठवला गेलाच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.

बिल करताना आधी मुदत संपत आलेले पॉइंट, मग नोट, मग कार्ड. पण साईजची खात्री नसलेले कपडे-चपला यूपीआयनं घ्या, कारण गिफ्ट कार्डनं घेतलेला माल परत केला तर पैसे शक्यतो कार्डातच जातात. अन् मोबाईल नंबर बदलणार असाल तर जुना नंबर चालू आहे तोवरच दुकानात नवा टाकून घ्या, ओटीपी जुन्यावरच येतो.