प्लास्टर निघाल्यावर: क्लबफूट असलेल्या बाळाचा ब्रेस घरी कसा सांभाळावा

जन्मतःच आत आणि खाली वळलेल्या पायाला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. साधारणपणे दर हजार बाळांमागे एका बाळाला तो असतो, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तो जवळजवळ दुपटीने आढळतो आणि सुमारे निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. आईने ग्रहण पाळले नाही, ग्रहणात विळी हातात घेतली, म्हणून असे झाले, असे घरात कोणी बोललेच तर तो विषय तिथेच थांबवावा. त्यात तथ्य नाही, आणि पुढची चार वर्षे जिला रोज रात्री बाळाला बूट चढवायचे आहेत तिला अपराधी ठरवून कोणाचाच पाय सरळ होत नाही.

या पायावर आज जगभर पॉन्सेटी पद्धतीने उपचार होतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम करणारे, मूळचे स्पेनमधील मिनोर्का बेटावरचे डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी (१९१४–२००९) यांनी ती विकसित केली. तिच्या पहिल्या भागात दर आठवड्याला पाय थोडा थोडा वळवून मांडीपर्यंत नवे प्लास्टर घालतात. अशी साधारण ५ ते ७ प्लास्टरे होतात, त्यानंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, रक्ताची शीर नव्हे) एका बारीक छेदातून मोकळी करतात आणि शेवटचे प्लास्टर ३ आठवडे ठेवतात. हा भाग डॉक्टरांचा आहे. दुसरा भाग ब्रेसचा, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणाऱ्या, दांडीने जोडलेल्या दोन बुटांचा. तो संपूर्णपणे घरच्यांच्या हातात असतो आणि उपचार फसतात ते बहुधा इथेच. पॉन्सेटी पद्धतीच्या मार्गदर्शक पुस्तिकेतील आकडेच पाहावेत: ब्रेस नीट वापरणाऱ्या कुटुंबांत पाय पुन्हा वळण्याचे प्रमाण १०० मध्ये ६ च्या आसपास आहे, तर न वापरणाऱ्यांत ते ८० च्या पुढे जाते. सरळ झालेला पाय पुन्हा वळू पाहतो, कारण ज्या ऊतींनी तो मुळात आत ओढला त्यांचा ओढा पहिली काही वर्षे कायम असतो.

प्लास्टर काढण्याआधीची तयारी

प्लास्टर निघेल त्याच दिवशी ब्रेस पायात चढला पाहिजे, ही पहिली अट आहे. त्यामुळे शेवटचे प्लास्टर घालतानाच बाळाच्या पायाचे माप देऊन ब्रेस कधी मिळणार ते पक्के करून घ्यावे. ‘पुढच्या आठवड्यात या’ असे उत्तर मिळाले तर ब्रेस येईपर्यंत प्लास्टर तसेच ठेवता येईल का, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही मुलांच्या तपासणी व उपचारांची सरकारी योजना २०१३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात तपासल्या जाणाऱ्या आजार-व्यंगांमध्ये क्लबफूटचा समावेश आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा जिल्हा रुग्णालयातील लवकर निदान व उपचार केंद्र यांच्यामार्फत त्या वाटेने जाता येते. ब्रेस तिथून मिळेल का, याची चौकशी आधीच केलेली बरी.

ब्रेस हाती आला की तो घालण्यापूर्वी नीट पाहून घ्यावा. दोन बूट आणि त्यांना जोडणारी एक दांडी असे त्याचे रूप असते. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी असावी. वळलेल्या पायाचा बूट ६० ते ७० अंश बाहेर फिरवलेला असतो, तर एकच पाय वळलेला असेल तेव्हा चांगल्या पायाचा बूट ३० ते ४० अंशांवर असतो. चांगल्या पायाला बूट कशाला, हा प्रश्न प्रत्येक घरात कोणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर असे की एकट्या बुटाला पाय बाहेर फिरवून धरता येत नाही, बाळ गुडघ्यापासून सगळा पायच आत वळवते. त्याला धरून ठेवायला दांडीच्या दुसऱ्या टोकाशी आधार लागतो. हे सर्व कोन डॉक्टर ठरवतात. घरी पाना घेऊन ते बदलण्याच्या फंदात कोणी पडू नये, स्क्रू मात्र दर आठवड्याला आवळलेले आहेत ना ते पाहावे.

खालून शिवलेली नाही अशी झबली, पुढून उघडणारे कपडे आणि सुती मोज्यांचे किमान सहा-सात जोड आणून ठेवावेत. कोकणात पावसाळ्यात मोजे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि विदर्भात एप्रिल-मे मध्ये ते घामाने तासाभरात ओले होतात, म्हणून ही संख्या जास्त वाटली तरी कमी करू नये.

बूट चढवण्याची रीत

पहिल्या दिवशी प्लास्टर निघाल्यावर पाय किंचित सुजलेला, नाजूक कातडीचा आणि बाहेरच्या बाजूला जरा जास्तच वळलेला दिसेल. तो तसाच हवा असतो. बाहेर वळलेला पाय पुढे चालू लागल्यावर आपोआप मध्यावर येतो, त्यामुळे ‘डॉक्टरांनी उलटाच वाकडा केला’ अशी भीती बाळगू नये.

बाळ दूध पिऊन शांत झालेले असताना त्याला पाठीवर निजवावे. शिवण बोटांवर किंवा टाचेवर येणार नाही असा मोजा घालून त्यावरच्या सगळ्या चुण्या हाताने सारख्या कराव्यात. जो पाय घालायला जास्त त्रास देतो तो आधी घ्यावा, कारण दुसऱ्या बुटाच्या वेळी बाळ लाथा झाडू लागते. गुडघा वाकवून, पाऊल एका हातात धरून टाच बुटाच्या मागच्या भिंतीला लागेपर्यंत खाली सरकवावी आणि घोट्यापुढचा मधला पट्टा सर्वांत आधी व सर्वांत घट्ट बांधावा. टाच खाली धरून ठेवण्याचे काम हाच पट्टा करतो. त्यानंतरच नाड्या किंवा बाकीचे पट्टे बांधावेत. नाड्यांचे बूट असतील आणि बाळ पाय सोडवून घेत असेल तर नाड्या वरून खाली ओवून गाठ बोटांच्या बाजूला आणावी, म्हणजे टाचेजवळची पकड सैल होत नाही.

आता टाच बसली की नाही ते पाहायचे. अनेक बुटांना मागे बारीक भोक असते, त्यातून टाच दिसते. नसेल तर पोटरी हातात धरून हळूच मागे-पुढे करावी. बोटे बुटात पुढे-मागे सरकली तर टाच वर उचललेली आहे असे समजावे आणि पट्टा सोडून पुन्हा बांधावा. पहिल्यांदा टाच नीट बसली की बोटे जिथे येतात तिथे आतल्या तळव्यावर पेनने एक रेघ मारून ठेवावी. रात्री मंद दिव्यात, अर्धवट झोपेत बूट चढवताना ही रेघ फार उपयोगी पडते. बोटे रेघेच्या मागे दिसली तर काम पुन्हा करायचे. बोटे गुलाबी व उबदार असावीत. निळसर किंवा गार वाटली तर पट्टा एक भोक सैल करावा.

पहिले काही दिवस

बाळ रडेल. पहिल्या दोन दिवसांत ते बहुतेक वेळा दुखते म्हणून रडत नाही, तर एक पाय एकट्याने झाडता येत नाही म्हणून रडते. याच रडण्याला भिऊन आजी मायेने बूट काढते, बाळ लगेच गप्प होते आणि आपण रडलो की बूट निघतो, हे त्या एवढ्याशा जिवाला कळते. मग ते दुप्पट रडू लागते. आधी टाच बसली आहे का, कातडी कशी आहे, भूक लागली आहे का, ते पाहावे. सगळे ठीक असेल तर ब्रेस काढू नये. त्याऐवजी दांडी हातात धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवावेत आणि एकदम सरळ करावेत, आणि हा खेळ गाण्याच्या तालावर दिवसातून अनेकदा खेळावा. दोन्ही पाय एकत्र हलवायचे असतात हे उमगले की बाळ दांडीसकट पाय वर फेकू लागते आणि रडणे ओसरते. दांडीवर मऊ कापड गुंडाळावे. ते बाळासाठी जितके गरजेचे तितकेच आईच्या हनुवटीसाठीही, कारण पाजताना लागणारी ती दांडी चांगलीच झोंबते.

साडीच्या झोळीत या काळात बाळाला निजवू नये, असे माझे मत आहे. झोळीत कापड दोन्ही बाजूंनी दाबते, दांडी तिरकी होते आणि पाय हलत नाहीत. सपाट गादी किंवा रुंद पाळणा बरा.

तेवीस तासांचा हिशेब

पहिले ३ महिने ब्रेस दिवसातून २३ तास ठेवायचा असतो. उरलेला तास अंघोळीचा. इथे महाराष्ट्रातल्या घरांत खरी अडचण मालिशीची येते. मालिशवाल्या बाईंना पाय ‘ओढून सरळ’ करण्याचा मोह होतो, आणि तेल चोळून वर धुराची शेगडी झाली की तो एक तास सहज दोनाचा होतो. डॉक्टरांनी शिकवली असेल तेवढीच ओढ पायाला द्यावी आणि तीही घरच्यांनीच द्यावी. अंगाला तेल लावायला हरकत नाही, परंतु पायाचे तेल साबणाने पूर्ण काढून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच मोजा घालावा, कारण तेलकट टाच बुटात टिकत नाही. क्रीम, हळद, पावडर यांपैकी काहीही लाल डागावर लावू नये. हलका लालसरपणा काही मिनिटांत जातो आणि तो चालतो. पण टाचेच्या मागे गडद लाल चट्टा किंवा फोड दिसला तर बहुधा बूट सैल आहे आणि टाच आत घासते आहे, असे समजावे. अनेक पालक नेमके उलटे करतात, म्हणजे फोड पाहून पट्टा आणखी सैल सोडतात. फोड फुटला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

बाळ वारंवार पाय सोडवून घेत असेल, पाऊल आखूड आणि गुबगुबीत असेल व तळव्यावर खोल आडवी घडी असेल, तर तो वेगळ्या जातीचा, अवघड क्लबफूट असू शकतो. त्याला बुटाचा कोन कमी ठेवावा लागतो. पट्टा आवळत राहण्याऐवजी डॉक्टरांना गाठावे.

बाळंतपण माहेरी झाले असेल तर साधारण तीन महिन्यांनी बाळ सासरी जाते, आणि ब्रेसची घडी मोडण्याचा हा ठरलेला क्षण असतो. ज्या घरी बाळ जाणार तिथल्या किमान दोन माणसांना आधीच बोलावून बूट चढवायला शिकवावे, नुसते दाखवू नये. बारशाच्या किंवा उष्टावणाच्या फोटोसाठी ब्रेस काढायचा असेल तर तो वेळ त्या दिवशीच्या एका तासातूनच वळता करावा.

तीन महिन्यांनंतर

ब्रेस लागल्यावर सुमारे २ आठवड्यांनी पहिली तपासणी आणि ३ महिन्यांनी दुसरी असते. त्या तपासणीत सर्व ठीक असेल तर ब्रेस फक्त झोपेपुरता, म्हणजे रात्र आणि दुपारची डुलकी मिळून १२ ते १४ तास ठेवतात. तास स्वतःहून कमी करू नयेत. यापुढे तो वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत चालतो. मूल दिवसा रांगते, उभे राहते, साधे बूट घालून चालते. चालायला महिना-दोन महिने उशीर झाला तर घाबरण्याचे कारण नाही. वळलेल्या पायाची पोटरी बारीक आणि पाऊल थोडे लहान राहते, तोही दोष नव्हे.

या टप्प्यावर आळस शिरतो, कारण पाय डोळ्यांना अगदी सरळ दिसतो. दोन वर्षांचे मूल स्वतः बक्कल उघडू लागते. अशा वेळी बूट झोपेच्या क्रमातच बसवावेत: दात घासणे, बूट, गोष्ट, दिवा बंद, रोज याच क्रमाने. तापाच्या रात्रीही क्रम मोडू नये. प्रवासात, लग्नघरी, एसटीच्या रात्रीच्या गाडीतही ब्रेस पिशवीत तळाला न ठेवता वरच ठेवावा. बोटे बुटाच्या कडेबाहेर येऊ लागली किंवा खांदे दांडीपेक्षा रुंद झाले की नवे माप घ्यावे. पहिल्या वर्षी हे लवकर होते, म्हणून पुढच्या मापाची मागणी बूट तोकडा पडण्याआधीच नोंदवावी. तपासण्या तिसऱ्या वर्षापर्यंत दर ४ महिन्यांनी आणि नंतर दर ६ महिन्यांनी होतात.

पाय पुन्हा वळू लागला तर त्याच्या खुणा आधी घरातच दिसतात: टाच पूर्वीसारखी बुटात बसत नाही, चालताना मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देते, पंजा आत वळतो. बहुतेक वेळा दोन-तीन प्लास्टरे पुन्हा घालून ब्रेस परत सुरू करतात. अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलात पाय आत ओढणारी एक शीर हलवून बसवण्याची शस्त्रक्रियाही करतात. उशीर जितका कमी तितके हे सोपे.

मूल नीट चालू लागले की महिन्यातून एकदा त्याला अनवाणी, फरशीवर उकिडवे बसवावे आणि मागून पाहावे. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. गेल्या महिन्यात टेकणारी टाच या महिन्यात बोटभर वर राहिली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. ब्रेस चौथ्या वर्षी सुटला तरी हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत हे पाहणे आणि वर्ष-दोन वर्षांतून एकदा डॉक्टरांना दाखवणे चालू ठेवायचे असते.