फुकटात चांगल्या विज्ञानकथा, गूढकथा ऑनलाइन कशा शोधाव्यात

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत सकाळी पुस्तक उघडायला कोपर हलवण्याइतकीही जागा नसते. मोबाइल मात्र एका हातात मावतो. ट्रान्स-हार्बरचा हा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा, आणि एक लघुकथा वाचून व्हायलाही बहुधा तेवढाच वेळ लागतो. प्रश्न उरतो तो चांगली कथा सापडायची कुठे याचा. तीही पैसे न मोजता आणि राजरोस.

गूगलवर ‘फ्री स्टोरीज’ टाकून काही हाती लागत नाही. जाहिरातींनी बरबटलेली पानं, कुठून तरी उचललेला अर्धवट मजकूर आणि ऐन रंगात आल्यावर ‘पुढे वाचण्यासाठी ॲप डाउनलोड करा’. म्हणून माझं सांगणं असं, की कथा शोधत बसू नका, आधी संपादक शोधा. नेटवर कथांना तोटा नाही. ढीगभर कथा वाचून त्यातली एक बाजूला काढणारा माणूस मात्र सहज भेटत नाही.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी फिरवलेले. परीक्षकांपुढे मोठं नाव नव्हतं, होती ती फक्त कथा. आपल्यालाही असंच निवडून देणारं कुणीतरी हवं आहे.

आधी दोन-तीन मासिकं धरा

या प्रकारच्या कथा नियमितपणे आणि फुकट छापणारी बरीचशी मासिकं इंग्रजीत आहेत, ते आधीच सांगून टाकतो. क्लार्क्सवर्ल्ड २००६ पासून दर महिन्याला निघतं. स्ट्रेंज होरायझन्स २००० पासून चालू आहे, त्याचा अंक आठवड्याचा असतो आणि ते चालवणारे सगळे स्वयंसेवक आहेत. लाइटस्पीड २०१० चं. अनकॅनी दोन महिन्यांनी येतं. त्यातला अर्धा अंक पहिल्या महिन्यात आणि उरलेला दुसऱ्या महिन्यात साइटवर खुला होतो. तलवारी, राजवाडे, मंत्रतंत्र असं काही आवडत असेल तर बिनीथ सीसलेस स्काइज पाहा, पंधरवड्याला नव्या कथा असतात. टॉर डॉट कॉम नावाची साइट कुणी सुचवली आणि ती सापडली नाही, तर गोंधळू नका. जानेवारी २०२४ पासून तिचं नाव रिॲक्टर आहे.

फुकट आहे म्हणजे कसंतरीच असणार, ही शंका मराठी माणसाला येतेच. पण इथे लेखकाला मानधन मिळतं. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने व्यावसायिक मासिकांसाठी शब्दामागे किमान ८ सेंट असा दर २०१९ मध्ये ठरवला. चार हजार शब्दांच्या कथेचे ३२० डॉलर झाले. हा खर्च वर्गणीदार आणि देणगीदार उचलतात. वर्गणीदारांना सोयीचं ई-बुक मिळतं, बऱ्याच ठिकाणी अंकही आधी हातात पडतो. तीच कथा साइटवर सगळ्यांना वाचता येते. निवडही कडक असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये एआयकडून लिहून घेतलेल्या कथांचा असा लोंढा आला, की क्लार्क्सवर्ल्डला काही दिवस कथा स्वीकारणंच बंद ठेवावं लागलं. असला माल आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण तो कुणीतरी आधीच वाचून बाजूला सारलेला असतो.

सगळी मासिकं एकदम धरू नका. दोन पुरे. दोन-तीन अंक वाचून संपादकाची आवड आपल्याशी जुळत नाही असं वाटलं, तर खुशाल बदला.

शब्दसंख्या बघून कथा निवडा

हे कुणी सांगत नाही, पण लोकलने जाणाऱ्यासाठी सगळ्यात कामाचं हेच आहे. क्लार्क्सवर्ल्डची कुठलीही कथा उघडा. शीर्षक आणि लेखकाच्या नावाजवळच शब्दसंख्या आणि कथेचा प्रकार दिलेला असतो. ह्यूगो या विज्ञानकथांच्या पुरस्काराच्या नियमांत साडेसात हजार शब्दांच्या आतली ती शॉर्ट स्टोरी, तिथून साडेसतरा हजारांपर्यंत नॉव्हेलेट आणि पुढे चाळीस हजारांपर्यंत नॉव्हेला. मिनिटाला दोनशे शब्दांचा वेग धरला तर चार हजार शब्दांना वीस मिनिटं लागतात. ठाण्याला सुरू केलेली कथा कोपरखैरणे-तुर्भ्याच्या आसपास संपते आणि सानपाड्याला उतरायची तयारी करता येते. नॉव्हेलेट रविवारसाठी ठेवा. अर्धवट सोडलेली विज्ञानकथा संध्याकाळी परतताना पुन्हा उघडली, की कोण कुठल्या ग्रहावर होतं तेच आठवत नाही.

इंग्रजी वाचायची सवय सुटली असेल तर अगदी छोट्या कथांपासून सुरुवात करा. फ्लॅश फिक्शन ऑनलाइनवर हजार शब्दांच्या आतल्या असतात, थ्री सिक्स्टी फाइव्ह टुमॉरोज नावाच्या साइटवर सहाशेच्या आतल्या. गाडी ऐरोलीला पोचेपर्यंत एक होऊन जाते.

रेंजवर विसंबू नका. घरून निघण्यापूर्वी वायफायवर कथा उघडा आणि अँड्रॉइडवर क्रोम असेल तर वरच्या तीन टिंबांवर दाबून खाली तोंड केलेल्या बाणाला स्पर्श करा. पान फोनमध्ये उतरतं आणि नेट नसतानाही उघडतं. बाहेरगावच्या गाडीने जाणाऱ्यांना पारसिक बोगद्यात याचा उपयोग कळेल.

एका कथेवरून दुसरीकडे

एखादी कथा मनापासून आवडली, की लेखकाचं नाव टिपून ठेवा आणि आयएसएफडीबी या विज्ञानकथांच्या सूचीत ते टाका. साइट दिसायला जुनाट आहे, १९९५ पासूनची, पण काम चोख करते. त्या लेखकाची कुठली कथा कोणत्या वर्षी, कोणत्या मासिकात आली ते समोर येतं. वर सांगितलेल्या मासिकांपैकी नाव दिसलं, की त्या साइटवर जाऊन शोधायचं.

दुसरी वाट पुरस्कारांची. ह्यूगो आणि तसाच दुसरा पुरस्कार नेब्युला, यांच्या अंतिम याद्या दरवर्षी जाहीर होतात. त्यातली फक्त शॉर्ट स्टोरी आणि नॉव्हेलेट ही दोन खाती बघा, कारण तिथल्या बऱ्याच कथा याच फुकट मासिकांतून आलेल्या असतात. विज्ञानकथांच्या जगाची खबर देणाऱ्या लोकस मासिकाची शिफारस-यादीही दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास येते. ती लांबलचक असते, पण पुरस्कारांच्या यादीत न बसलेल्या विचित्र कथा तिथेच भेटतात, आणि मला स्वतःला त्याच जास्त आवडतात.

जुनं वाचायचं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग, कॉपीराइट नसलेली पुस्तकं फुकट देणारी साइट. पिवळ्या पडलेल्या अमेरिकन मासिकांतल्या १९५०च्या दशकातल्या कितीतरी कथा तिथे आहेत. कारण कायद्यात आहे. १९६४ पूर्वी तिकडे छापलेल्या मजकुराच्या कॉपीराइटचं अठ्ठावीस वर्षांनी नूतनीकरण करावं लागे, आणि अनेकांनी ते केलंच नाही. नूतनीकरण झाल्याचा पुरावा सापडला नाही, अशी टीप त्या कथांसोबत सहसा असते. रॉकेटं भारी, बायकांची पात्रं बहुतेक कॉफी देण्यापुरती. ते गृहीत धरूनच वाचा.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये उभे असाल तर वाचण्यापेक्षा ऐका. त्यासाठी पॉडकास्ट आहेत: एस्केप पॉडवर विज्ञानकथा, पॉडकॅसलवर अद्भुतकथा आणि स्यूडोपॉडवर भयकथा. क्लार्क्सवर्ल्डही आपल्या कथा वाचून ऐकवतं.

आणि मराठीत?

मराठीत दर महिन्याला फक्त विज्ञानकथा-गूढकथा निवडून फुकट देणारं, मानधन देणारं ऑनलाइन मासिक माझ्या पाहण्यात नाही. ती उणीव आहेच. तरी हात हलवत परत यावं लागत नाही.

पहिला शोध ऑनलाइन दिवाळी अंकांचा. मायबोली ही मराठी साइट १९९६ पासूनची. तिथले, तसेच मिसळपाव आणि ऐसी अक्षरे या साइटचे जुने दिवाळी अंक चाळा. एरवी तिथे कुणीही काहीही लिहितं, दिवाळी अंकावर मात्र संपादकाचा हात फिरलेला असतो. शोधताना देवनागरीतच टाका, आणि ‘विज्ञानकथा’, ‘विज्ञान कथा’, ‘गूढकथा’, ‘गुढकथा’ असं सगळं टाकून बघा. ऱ्हस्व-दीर्घाच्या घोळात चांगल्या कथा हरवून बसलेल्या आहेत.

दुसरं ठिकाण आपल्या ठाण्याचंच. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं लेखकांच्या परवानगीने पीडीएफ करून फुकट देतं. यादी मोठी आणि दर्जा खालीवर आहे, तेव्हा पहिली चार पानं वाचून ठरवा. कुणालाही लिहिता येतं अशा प्रतिलिपी ॲपवर कथा भरपूर आहेत, पण भाग एक, भाग दोन करत चाळीसच्या पुढे जाणाऱ्या मालिकांपासून जपा. एका भागात संपलेल्या कथा आधी वाचा.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या नामवंत लेखकांच्या पीडीएफ मात्र यात धरू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे आपल्या आवडीचे बहुतेक भयकथाकार आणि विज्ञानकथाकार अजून त्यात येतात. ती पुस्तकं हवी असतील तर ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. १८९३ सालची संस्था आहे. सभासद व्हायला थोडे पैसे पडतात, पण नेटवर कधीच न आलेल्या कितीतरी मराठी कथा अशा ग्रंथालयांतच मिळतात.